घोड्याचा स्टॉल बांधताना आधी जमीन, हवा आणि फळ्या, दरवाजे नंतर

तुमचा प्रश्न मला असा समजलाय. 36 फूट रुंद आणि 48 फूट लांब अशी जुनी पत्र्याची शेड रिकामी पडलीये, अर्ध्या भागात सिमेंटचा कोबा आहे आणि अर्ध्यात नुसती माती, घोडे चार, त्यात दोन मोठे, एक पोनी आणि एक गाभण घोडी. आणि विचारलंय की स्टॉल, म्हणजे एकेका घोड्याची खोली, केवढे करू, खाली काय घालू, लाकूड की लोखंड, आणि एकदा झाल्यावर रोजचं सांभाळायचं कसं. सोबत दरवाजांचे तीन फोटो पाठवून यातला कुठला घेऊ असंही विचारलंय. दरवाजांचं मी सांगतो, पण नंतर. कारण बरीच वर्षं मी स्टॉल बांधतोय, दुरुस्त करतोय आणि त्याहून जास्त वर्षं रोज सकाळी लीद काढतोय, आणि मला एकच गोष्ट पक्की कळलीये की घोडा आत उभा राहिल्यावर जे बदलता येत नाही त्यावर आधी खर्च आणि डोकं लावायचं. दरवाजा उद्या बदलता येतो, ग्रिल बदलता येतं, रंग तर कधीही. पण जमिनीखालचा थर, स्टॉलचं माप आणि छपरातून हवा जायची वाट, ह्या तीन गोष्टी नंतर बदलायच्या म्हणजे घोडे बाहेर काढून सगळं उखडायचं, आणि ते कोणी करत नाही, मग तसंच चालू राहतं आणि घोडा भोगतो.

मापापासून सुरू करू. साधारण 15-16 हात उंचीच्या (घोड्याच्या मापातला हात म्हणजे 4 इंच, उंची खांद्यापर्यंत) घोड्याला 12 बाय 12 फूट, हे जगभर चालतं ते माप आणि ते बरोबर आहे. अंगाने दांडगा घोडा असेल तर 14 बाय 14. पोनीला 10 बाय 10 पुरतं. अंदाज घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे घोड्याच्या लांबीच्या दीडपट भिंत हवी, त्यापेक्षा कमी नको. लोक म्हणतात घोडा तर उभ्या उभ्याच झोपतो मग एवढी जागा कशाला. उभा राहून तो डुलकी घेतो हो, पण गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही, आणि जागा अपुरी असली किंवा खाली कडक असलं तर घोडा आडवा पडायचंच टाळतो. मग दिवसा चिडका होतो, उभ्या उभ्या गुडघ्यात दुमडतो, आणि मालक म्हणतो स्वभाव बिघडला.

गाभण घोडीला विण्याच्या वेळी 14 बाय 14 तरी हवं, 16 असेल तर उत्तम. पण त्यासाठी वेगळा मोठा स्टॉल कायमचा बांधू नका. दोन शेजारशेजारचे 12 फुटी स्टॉल घ्या आणि मधली भिंत फळ्या वर सरकवून काढता येईल अशी करा, म्हणजे गरज पडली की 12 बाय 24 ची खोली मिळते आणि शिंगरू मोठं झालं की परत दोन स्टॉल. तुमच्या 36 फूट रुंदीत हिशोब आपोआप बसतोय बघा, एका बाजूला 12, दुसऱ्या बाजूला 12 आणि मधला रस्ता 12. हा मधला रस्ता 10 च्या खाली आणू नका, दोन घोडे समोरासमोर आले किंवा एक घोडा मध्येच वळवायचा झाला की प्रत्येक इंच लागतो. छपराची आतली उंची 10 ते 12 फूट असावी, मोठ्या घोड्यांसाठी 8 फूट कमीच पडते कारण मान वर केलेला, दचकलेला घोडा तुमच्या डोक्यात असतो त्यापेक्षा खूप उंच जातो.

आता जमीन. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही झाल्यात.

साधारण 450 किलोचा घोडा दिवसाला लीद आणि मूत मिळून 23 किलोच्या आसपास घाण करतो, त्यात मूतच 8-9 लिटर. चार घोडे म्हणजे रोज 90 किलोच्या वर आणि त्यात भिजलेला बिछाना धरला तर आणखी. हे सगळं पाणी कुठेतरी जायला हवं, एकतर खाली मुरायला हवं नाहीतर बिछान्याने शोषून तुम्ही बाहेर काढायला हवं, तिसरी वाट नाही. तिसरी वाट काढायची म्हणून लोक स्टॉलच्या मध्यभागी जाळी लावून मोरीसारखं भोक करतात, ते करू नका. महिन्याभरात भुसा आणि लीद जाऊन ते तुंबतं, वास तिथूनच यायला लागतो आणि जाळी हलली की खूर अडकायची भीती वेगळीच.

मातीच्या भागात असं करा. आधी आतली पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा 6 ते 12 इंच वर आणा, हे झालं नाही तर पावसाचं पाणी आत येणार आणि वर कितीही महागाचं काही घाला ते फुकट जाणार. वरची भुसभुशीत, काळी माती काढून टाका, ती कधीच नीट बसत नाही. मग 4 ते 6 इंच खडी, चोपून. त्यावर 3-4 इंच दगडाची बारीक कच किंवा चांगला मुरूम, पण एकदम नाही ओतायचा, दोन थरात, प्रत्येक थर थोडा ओला करून धुम्मसने किंवा प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळत असेल तर त्याने चोपायचा. मी पहिल्या वेळी सगळा थर एकदम ओतून वरवर चोपला होता, वर छान कडक दिसत होतं, सहा महिन्यांत दाराजवळ आणि मध्यभागी बशीसारखे खड्डे झाले, त्यात मूत साचायचं आणि एका घोड्याच्या मागच्या खुराला कूज लागली. सगळं उपसून परत केलं. उतार हवा असेल तर दाराच्या बाजूला अगदी थोडा, बारा फुटांत दोन-अडीच इंच फार झाला, उताराच्या जमिनीवर घोडा तासन् तास उभा राहिला की त्याच्या पायाच्या शिरांवर ताण येतो.

नुसती वाळू घालू नका. मऊ असते, स्वस्त पडते, सगळं खरंय, पण घोडा खालची वैरण वेचून खाताना वाळू पोटात घेतो आणि ती आतड्यात साठून पोटदुखी होते, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

कोब्याचा अर्धा भाग फोडू नका, तो चालेल. फक्त गुळगुळीत असेल तर त्यावर खरखरीतपणा आणा म्हणजे ओल्यात पाय सरकणार नाही, आणि त्यावर रबर मॅट घातल्याशिवाय घोडा ठेवू नका, कारण कोबा पायांना फार कडक आणि थंड. आणि लक्षात ठेवा, कोब्यात काहीच मुरत नाही, त्यामुळे त्या बाजूच्या स्टॉलमध्ये बिछाना जास्त शोषणारा लागणार आणि जास्त नियमित काढावा लागणार.

रबर मॅट पाऊण इंच जाडीची घ्या, त्यापेक्षा पातळ घेतली की कडा वर येतात आणि घोडा पायाने उकरून दुमडतो. 4 बाय 6 फुटांची एक मॅट 40-45 किलोच्या आसपास भरते, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, लॉक होणारी पक्कड कडेला लावून ओढा, कंबर वाचेल. कापताना खाली एक लाकडी पट्टी सरकवा म्हणजे कापलेली चीर उघडी राहते, धारदार सुरी आणि साबणाचं पाणी, दोन-तीन वेळा त्याच रेषेवरून फिरवली की तुटते. भिंतीला अगदी घट्ट बसवायची घाई नको, उन्हात रबर वाढतं, आधी पसरून दोन दिवस तशीच राहू द्या आणि मग शेवटचं कापा. आणि मॅट घातली म्हणजे खालची जमीन कशीही चालेल असं नाही, खाली उंचसखल असेल तर मॅट तसाच आकार घेते.

भिंती. प्रश्नात लाकूड की लोखंड विचारलंय, माझं उत्तर दोन्ही, पण आपापल्या जागी. खालचे साडेचार फूट भरीव लाकूड, कारण लाथ तिथे बसते, आणि वर साडेसात-आठ फुटांपर्यंत लोखंडी ग्रिल, कारण हवा आणि नजर तिथून जाते. फळी पूर्ण 2 इंच जाड, टणक लाकडाची. मऊ लाकूड घेतलं तर लाथेने नाही फुटलं तरी दातांनी संपतं. बारा फुटांची फळी मधोमध लवचिक असते, लाथ बसली की वाकते आणि मग तडकते, म्हणून मध्यावर एक उभा आधार नक्की द्या.

फळ्या खांबाच्या कुठल्या बाजूला लावायच्या हे फार लोक चुकतात. घोड्याच्या बाजूने लावा, म्हणजे लाथ बसली की फळी खांबावर दाबली जाते. उलट्या बाजूने ठोकल्या तर प्रत्येक लाथेला खिळा थोडा थोडा उपटतो आणि एक दिवस खिळे वर करून फळी खाली पडलेली असते. दोन स्टॉलच्या मधल्या भिंतीला दोन्हीकडे घोडा असतो, तिथे खांबाला लोखंडी सी चॅनल, म्हणजे खाचेची उभी पट्टी, लावून त्यात फळ्या वरून सोडायच्या, खिळा नाही स्क्रू नाही, आणि फळी मोडली की पाच मिनिटात नवीन. हीच ती काढता येणारी भिंत जी मी घोडीसाठी सांगितली. जिथे बोल्ट लागतात तिथे गोल चपट्या डोक्याचा बोल्ट घ्या आणि डोकं घोड्याच्या बाजूला, नट बाहेरच्या बाजूला.

शेड पत्र्याची आहे म्हणालात, मग बाहेरच्या भिंतीलाही आतून फळ्या लावाव्याच लागतील. पत्र्यातून खूर आरपार जातो, आणि घोडा पाय मागे ओढतो तेव्हा पत्र्याची धार काय करते ते मी लिहीत नाही. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असती तरी आतून लाकूड किंवा रबर लावा म्हटलं असतं, कारण भिंत हलत नाही, मग सगळा धक्का पायाच्या हाडात जातो.

ग्रिलच्या दोन गजांमधली फट 3 इंचापेक्षा जास्त नको, आणि घोडी विणार असेल त्या स्टॉलला 2 इंच, कारण शिंगराचं खूर किती लहान असतं ते ते जन्माला येईपर्यंत लक्षात येत नाही. आणि सगळ्यात खालची फळी जमिनीला टेकलेली असू द्या. यावर मी हट्टाने बोलतो. माझ्याकडे एका भिंतीत झाडायला सोपं जावं म्हणून खाली चार बोटांची फट सोडली होती, एका रात्री घोडी लोळताना भिंतीशी गेली आणि तिचा पुढचा पाय त्या फटीत अडकला. पहाटे आवाज ऐकून गेलो तेव्हा ती घामाने ओली होती आणि गुडघ्याखालचं कातडं पूर्ण सोललेलं. फळी करवतीने कापून पाय सोडवला. घोडी वाचली पण तो पाय नीट व्हायला पूर्ण हंगाम गेला. खालची फळी मुताने कुजते हे खरंय, म्हणूनच ती सहज बदलता येईल अशी ठेवायची, फट सोडून नाही.

फटीशिवायही घोडा भिंतीशी अडकतो. लोळतो, पाठीवरून फिरतो आणि चारी पाय भिंतीकडे दुमडले जातात, मग उठायला पाय टेकवायला जागाच नाही, ह्याला कास्ट होणं म्हणतात. स्टॉल मोठा असेल तर हे कमी होतं. भिंतीला साधारण साडेतीन-चार फुटांवर एक आडवी पट्टी ठोकली तर खुराला पकड मिळते आणि तो स्वतःला ढकलून घेतो. कडेने बिछान्याचा उंच बांध करायचीही पद्धत आहे, मी दोन्ही करतो. आणि असा अडकलेला घोडा दिसला तर कधीही त्याच्या पायांच्या बाजूने, म्हणजे पाय आणि भिंत यांच्या मध्ये जाऊ नका. पाठीच्या बाजूला उभं राहायचं, माणूस बोलवायचा आणि लांब दोरीने पाय आपल्याकडे ओढून घोडा उलटवायचा, उलटला की लगेच मागे सरकायचं.

लाकडाला काय लावता तेही बघा. रेल्वेच्या जुन्या स्लीपरला असतं तसलं क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) किंवा आर्सेनिकवालं जुनं ट्रीटमेंटचं लाकूड घोड्याच्या तोंडाला लागेल अशा जागी नको, घोडा लाकूड चावतोच. भिंतीच्या वरच्या कडांना, दाराच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टी चढवा, तिची टोकं आत वळवून.

आता हवा. शेड बघायला कोणी आलं की मी आधी वर बघतो. थंडीच्या दिवसात लोक प्रेमापोटी सगळ्या फटी बुजवतात, खिडक्या बंद, दारं बंद, आणि स्वतः आत येऊन म्हणतात किती उबदार आहे. माणसाला ऊबदार वाटलं की समजायचं घोड्याला ते जास्त आहे. चांगला खाऊन पिऊन असलेला मोठा घोडा साधारण 5 ते 25 अंशात आरामात असतो आणि सवय असेल तर त्याहून कमी तापमानातही. त्याला थंडी नाही मारत, त्याला कोंडलेली ओली हवा मारते. एक घोडा नुसत्या श्वासातून दिवसाला 7-8 लिटर पाणी वाफेने हवेत सोडतो, चार घोडे म्हणजे तीस लिटर, ते बाहेर गेलं नाही की पत्र्यावर घाम जमून रात्री थेंब थेंब गळतं, बिछाना ओला, बुरशी, मग खोकला, आणि तो खोकला जुना झाला की आयुष्यभर सोबत राहतो.

गरम ओली हवा वर जाते, ती आढ्यातून बाहेर जायला हवी आणि तिच्या जागी वळचणीतून ताजी हवा आत यायला हवी. ढोबळ नियम असा की शेडच्या दर 10 फूट रुंदीला आढ्यात 1 इंच सलग फट, म्हणजे तुमच्या 36 फुटाला साडेतीन ते चार इंच, वर पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी. आणि दोन्ही वळचणींना मिळून किमान तेवढीच. ह्या फटी बारा महिने उघड्या, त्यांना बंद करायची सोयच ठेवू नका. खिडकी प्रत्येक स्टॉलला एक, खालची कड 5 फुटांवर, आतून जाळी. थेट अंगावर वारा येत नाही ना एवढंच बघायचं. आढ्याखाली माळा घालून त्यावर गवत ठेवायचा मोह होईल, जागा वाचते, पण तो माळा हवा अडवतो, वरून धूळ घोड्याच्या नाकात पडते आणि आग लागली तर सगळं सरपण डोक्यावर. गवत वेगळ्या शेडमध्ये. ओलसर बांधलेलं गवत स्वतःच तापतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, गठ्ठ्याच्या आतलं तापमान 65 अंशाच्या वर गेलं की रोज बघत राहायचं आणि 80 पर्यंत गेलं तर आग कधीही लागू शकते.

हवा पुरेशी आहे का हे कळायला यंत्र नको. रात्रभर घोडे आत असताना सकाळी दार उघडल्याबरोबर स्टॉलमध्ये जाऊन खाली उकिडवे बसा, नाक जमिनीपासून फूटभर. डोळे चुरचुरले, मुतातून सुटणाऱ्या अमोनियाचा उग्र वास आला, तर तुमचा घोडा रात्रभर तेच घेत होता, आणि आडवं पडलेलं शिंगरू तर त्यातच असतं.

दरवाजे. 4 फूट रुंद, 8 फूट उंच. तुमच्या फोटोतला सरकता मी घेतला असता, रस्त्यात जागा अडवत नाही. पण खालच्या बाजूला गाइड, म्हणजे दाराची खालची कड जागेवर धरून ठेवणारा आधार, हवाच, नाहीतर घोडा अंग टेकवतो आणि दार खालून बाहेर झुकतं आणि पाय त्या फटीत. बिजागरीचा घेतला तर तो बाहेरच उघडायला हवा आणि पूर्ण भिंतीला चिकटायला हवा. कडी अशी की एका हाताने, अंधारात, हातमोजा घालून उघडेल, आणि बंद असताना किंवा उघडी असताना तिचं काही टोक बाहेर राहू नये. काही घोडे ओठाने कडी उघडायला शिकतात, त्यांच्यासाठी खाली पायाने लावायची दुसरी कडी. कुलूप कधीच नाही. आग लागली तर किल्ली शोधत बसणार का? प्रत्येक दाराबाहेर एक मोरकी आणि दोर अडकवलेला, कायम, आणि शेडला दोन्ही टोकांना बाहेर जायची वाट.

वायरिंगबद्दल थोडक्यात, पण हे थोडक्यात म्हणून सोडू नका. वायर लोखंडी पाइपातून, कारण उंदीर. बटणं स्टॉलच्या बाहेर. दिवे जाळीच्या आत आणि 8 फुटांच्या वर. गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर. आणि घरातला पंखा एक्स्टेन्शनवर लावून ग्रिलला बांधायचा नाही, त्याची मोटर उघडी असते, आत धूळ आणि भुसा जमतो आणि तापतो. पूर्ण बंद मोटरचा पंखा मिळतो तोच लावा. कोळ्याची जाळीसुद्धा झाडून टाका, आग त्यावरून पळत जाते.

आत काय काय लावायचं. दाण्याचं भांडं पुढच्या कोपऱ्यात, घोड्याच्या छातीच्या पातळीला, म्हणजे आत न शिरता दाणा देता येईल. वैरण जमिनीवर द्या, उंच गव्हाणीत नको. घोडा मान खाली घालून खातो तेव्हा नाकातली घाण आपोआप बाहेर येते, मान वर करून खाल्लं तर धूळ डोळ्यात आणि श्वासनळीत. पाण्याच्या बादल्या दोन, वैरणीपासून लांब. घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी पितो, गरमीत आणि काम असेल तर जास्त. आपोआप भरणारं भांडं सोयीचं असतं पण घोडा किती प्यायला ते कळत नाही, आणि पाणी कमी पिणं हे पोटदुखीचं पहिलं लक्षण असू शकतं, म्हणून मी अजून बादलीच वापरतो. बादलीचा हूक लावताना त्याचं उघडणारं तोंड भिंतीकडे करा, नाहीतर पापणी किंवा नाकपुडी त्यात अडकून फाटते. गवताची जाळी लावत असाल तर ती रिकामी झाल्यावर किती खाली लोंबते ते बघून बांधा.

बिछाना. पेंढा, लाकडाचा छिलका, भुशाच्या गोळ्या, काहीही चालेल, धूळ कमी आणि कोरडं असलं म्हणजे झालं. मॅट असेल तर 3-4 इंच, मॅट नसेल तर 6 इंचाच्या वर. छिलका सुतारकामाच्या जागेवरून आणत असाल तर कुठल्या लाकडाचा आहे हे विचारल्याशिवाय गाडीत भरू नका. काळ्या अक्रोडाचा छिलका बिछान्यात थोडा मिसळलेला असला तरी 12 ते 24 तासांत घोड्याचे पाय सुजतात आणि खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज, होते. आणि शेडभोवती शोभेला म्हणून कण्हेर लावू नका, तिची थोडी पानंसुद्धा घोड्याला मारतात.

रोजचं काम आता. दिवसातून दोनदा लीद उचलायची, सकाळी नीट आणि संध्याकाळी वरवर. सकाळी कोरडा बिछाना भिंतीकडे ढकलायचा, ओला डाग दाताळ्याने पूर्ण उचलायचा, जमीन थोडा वेळ उघडी ठेवायची आणि मग बिछाना परत पसरायचा. वरून नवीन टाकून ओलं झाकायचं नाही. शक्य असेल तर हे सगळं घोडे बाहेर असताना, कारण झाडताना उडणारी धूळ त्यांच्याच फुप्फुसात जाते, मधला रस्ता झाडायचा तर आधी पाणी शिंपडा. ओल्या जागेवर शेतीत वापरतात ती चुनखडीची पूड किंवा झिओलाइट (वास शोषणारं खनिज) टाकता येतं. विरवलेला चुना मात्र नको, तो खूर आणि कातडी भाजतो.

हे काम नोकरावर सोपवलं तरी अधूनमधून स्वतः करा, कारण घोड्याची तब्येत सगळ्यात आधी लीद काढणाऱ्याला कळते. निरोगी घोडा दिवसात 8 ते 12 वेळा लीद टाकतो. सकाळी ढीग कमी दिसले, गोळे लहान आणि कोरडे झाले, तर पोट बिघडायच्या आधीच तुम्हाला कळलं. बिछान्यात एकाच वाटेने गोल खंदक पडला असेल तर तो रात्रभर फिरत होता. भिंतीवर लाथेच्या नव्या खुणा, दाराच्या कडेवर ताजे दात, हे सगळं तो सांगत असतो. बऱ्याच वेळा कारण एवढंच असतं की त्याला दुसरा घोडा दिसत नाही, म्हणूनच वर भरीव भिंत न करता ग्रिल करा म्हटलं. शेजारच्याशी पटतच नसेल तर दाण्याच्या कोपऱ्यापुरता फळीचा आडोसा द्या, पूर्ण भिंत नको.

आठवड्यातून एकदा बादल्या आणि दाण्याची भांडी घासून, कड्या आणि बिजागऱ्या हाताने हलवून बघायच्या. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट, लाकूड सुकलं की ते ढिले होतातच. वर्षातून दोनदा स्टॉल पूर्ण रिकामा करून मॅट उचला, खालचा खड्डा भरा, चोपा, वाळू द्या, मग मॅट परत. औषध मारून निर्जंतुक करायचं असेल तर आधी घाण खरवडून, साबणाने धुऊन, सुकवून मगच औषध, घाणीवर मारलेलं औषध काहीच करत नाही. आणि मुताने ओल्या जमिनीवर ब्लीच कधीच ओतू नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो, बंद शेडमध्ये तुम्ही स्वतःच पडाल.

लिदीचा ढीग शेडपासून आणि विहिरीपासून लांब, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. एका घोड्याची वर्षाची घाण 8 टनांच्या वर जाते तेव्हा जागा आत्ताच ठरवा, आणि ढकलगाडी स्टॉलच्या दारापासून ढिगापर्यंत सरळ, चढ न लागता जाईल असा रस्ता ठेवा, रस्ता अवघड असला की ढीग दारातच साठतो. उबदार दिवसात माशीची अंड्यापासून माशी व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात, म्हणून ढीग आठवड्याच्या आत उचलायचा, किंवा नीट रचून, ओला ठेवून, पलटून खत करायचं, आतलं तापमान 55-60 अंशांवर गेलं की अळ्या आणि तणाचं बी दोन्ही मरतं.

सगळं बांधून झालं की घोडा आणायच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्टॉलमध्ये जाऊन जुना स्वेटर घालून सगळ्या भिंतींना अंग घासत एक फेरी मारा, खालून गुडघ्यावर बसून आणि वर हात पोचेल तिथपर्यंत. जिथे लोकर अडकेल तिथे खिळा, कुसळ किंवा वेल्डिंगचं टोक आहे, ते तेव्हाच घासा. पहिल्या रात्री एक माणूस शेडमध्ये झोपू द्या. आणि मला शेडच्या वळचणीची उंची आणि वारा बहुतेक वेळा कुठल्या बाजूने येतो एवढं कळवा, म्हणजे घोडीचे दोन स्टॉल कुठल्या टोकाला घ्यायचे ते सांगतो.